कुरकुरणारीं मुलें आणि महायुद्ध : इ. स. १९४३ चा एक विनोदी लघुपट

एखाद्या काळाचा इतिहास लिहितांना त्या काळीं लोक कशाला हंसत होते हें पाहण्याची चाल आपल्याकडे फारशी नाहीं. दप्तरें, महजर, करीने, ताळेबंद हीं साधनें आपण डोळ्यांत तेल घालून चाळतों. परंतु बतावणी, सोंगें, प्रहसनें यांना साधनांचा मान देतांना आपला हात आखडतो. त्यांतही जें प्रहसन मुळांतच फारसें हंसवीत नाहीं, त्याची दखल कोण घेणार? प्रस्तुत लेखांत आम्हीं जें साधन विचारासाठीं घेतलें आहे तें असेंच दुहेरी उपेक्षित आहे. दुसरें महायुद्ध ऐन भरांत असतां अमेरिकेंत मुलांना घेऊन तयार केलेला, सुमारें अकरा मिनिटांचा तो एक विनोदी बोलपट आहे. कलाकृति म्हणून तो सामान्य आहे, हें आम्ही आरंभींच मान्य करून टाकतों. तथापि इतिहासाच्या कामीं सामान्य वस्तु कित्येकदां उत्तम वस्तूहून अधिक बोलकी ठरते. आणि हा लघुपट ज्या मालिकेंतील आहे, तिच्या वीस वर्षांच्या ओघांत ठेवून पाहिला तर युद्धानें लहान मुलांकडून काय मागितलें याचा चांगला पुरावा त्यांतून हातीं येतो.

'बेंजामिन फ्रँकलिन, ज्युनिअर' हें त्या लघुपटाचें नांव. मेट्रो-गोल्डविन-मेयर या चित्रसंस्थेनें तो ता. ३० जानेवारी १९४३ रोजीं प्रसिद्ध केला. दिग्दर्शक हर्बर्ट ग्लेझर. कथानक दोन वाक्यांत सांगतां येईल. आळींतील कांहीं मुलें युद्धापायीं सोसाव्या लागणाऱ्या त्रासाबद्दल कुरकुर करूं लागतात. तेव्हां 'अवर गँग', म्हणजे 'आमची टोळी', या नांवानें प्रेक्षकांच्या परिचयाचें असलेलें मुलांचें टोळकें एक नाटक रचतें, आणि फ्रँकलिनच्या पंचांगांतील बोधवचनांचे दृष्टांत देऊन, युद्धकाळीं केलेला त्याग वायां जात नाहीं असें त्या कुरकुरणाऱ्यांना पटवूं पाहतें.

आतां हें टोळकें कोणतें, हें सांगणें अवश्य आहे. हॅल रोच हा लॉस एंजेलिसजवळ कल्व्हर सिटी येथें विनोदी चित्रपट काढणारा निर्माता. त्यानें स्वतः सांगितलेली हकीकत अशी कीं, एकदां एका मुलीला तिची आई रंगरंगोटी करून, पाठ घोकवून त्याच्यासमोर परीक्षेसाठीं घेऊन आली. तो प्रकार पाहून त्याला कंटाळा आला. त्या निघून गेल्यावर त्यानें खिडकींतून बाहेर पाहिलें तों समोरच्या लांकडाच्या वखारीजवळ कांहीं मुलें उचलून आणलेल्या काठ्यांवरून भांडत होतीं. सर्वांत लहान मुलानें सर्वांत मोठी काठी घेतली होती, हें त्या भांडणाचें कारण. पंधरा मिनिटें आपण तें भांडण पाहत राहिलों, असें रोच म्हणे. निर्मात्यांच्या अशा उत्पत्तिकथा पारखूनच घ्याव्या लागतात. पण ही खरी असो वा रचलेली असो, मालिकेचें मर्म तींत बरोबर आलें आहे. घोकलेलें नको, आपसूक घडलेलें हवें. आणि विषय म्हणजे मोठ्यांच्या मालकीच्या, पण मोठ्यांना नकोशा झालेल्या चार काठ्या.

मालिका १९२२ सालीं मूकपटांत सुरू झाली. पहिला प्रमुख दिग्दर्शक रॉबर्ट एफ. मॅकगोवन यानें ती १९३३ पर्यंत बहुतांशीं संभाळली. मुलांच्या हातीं लेख न देतां, चित्रण करण्याच्या क्षणापूर्वीं काय घडायचें आहे तें त्यांना तोंडीं समजावून सांगावें, कर्ण्यांतून सूचना द्याव्या, आणि मुलांना जें सुचेल तें करूं द्यावें, अशी त्याची रीत होती. बोलपट आल्यावर संवाद ठरविणें भाग पडलें, तरी त्या रीतीचा वास पुष्कळ दिवस राहिला. हीं मुलें गरिबाघरचीं, मळक्या कपड्यांचीं. श्रीमंताच्या नीटनेटक्या पोराशीं त्यांचा उभा दावा. आणि त्यांचें सर्व वैभव भंगारांतून उभें राहिलेलें. १९३४ च्या 'हाय नेबर' या लघुपटांत एका श्रीमंत मुलाच्या झकपक खेळण्यांतल्या आगीच्या बंबाला तोंड देण्यासाठीं हीं पोरें मोडक्यातोडक्या सामानांतून स्वतःचा बंब बांधतात. खोकीं, चाकें, दोऱ्या, पिंपें यांवर पोरांचें राज्य असतें, आणि तें राज्य कोणी हिरावून घेत नाहीं, कारण त्या वस्तूंना किंमतच नसते. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम आहे.

१९३६ पासून हे लघुपट दोन रिळांऐवजीं एका रिळाचे झाले, आणि त्याच वर्षींच्या 'बोर्ड ऑफ एज्युकेशन' याला अॅकॅडमीचें पारितोषिकही मिळालें. परंतु एका तिकिटांत दोन मोठे चित्रपट दाखविण्याची पद्धत अमेरिकेंत रूढ झाली होती आणि त्यामुळें लघुपटांना चित्रगृहांत जागा उरेना. रोचनें आपलें लक्ष मोठ्या चित्रपटांकडे वळविलें आणि १९३८ सालीं ही मालिका, तिचें नांव आणि मुलांचे करार यांसह, मेट्रो संस्थेला विकून टाकली. मेट्रो हीच तोंपर्यंत त्याचे लघुपट वितरित करीत असे, आणि तिचा कारखानाही कल्व्हर सिटींतच होता. म्हणजे टोळी गांव न सोडतां एका घरांतून दुसऱ्या घरीं दत्तक गेली. पण घरांघरांत फरक असतो. मेट्रो ही त्या काळीं अमेरिकेंतील सर्वांत ऐश्वर्यशाली चित्रसंस्था. तिच्या हातीं मुलांचे कपडे स्वच्छ झाले, अंगण झाडून निघालें आणि वाक्यें पाठ होऊं लागलीं. १९३८ पासून १९४४ पर्यंत तिनें ५२ लघुपट काढले; त्यांपैकीं पुष्कळांचें लेखन हॅल लॉ आणि रॉबर्ट ए. मॅकगोवन यांचें. हा दुसरा मॅकगोवन पहिल्याचा पुतण्या. नामसादृश्यानें फसूं नये. गोष्टीच्या शेवटीं मुलांना शहाणपण यावें हा आतां परिपाठ झाला. हा सारा फेरफार युद्धापूर्वींचा आहे. युद्धानें मुलांना उपदेशक केलें असें जें सरसकट म्हटलें जातें, तें त्यामुळें अर्धेंच खरें आहे. उपदेशाची पेठ आधींच उघडली होती. युद्धानें तिला माल पुरविला.

तो माल अमेरिका युद्धांत उतरण्यापूर्वींच येऊं लागला होता. सप्टेंबर १९४१ मध्यें, म्हणजे पर्ल हार्बरवरील हल्ल्याच्या आधीं, प्रसिद्ध झालेल्या 'हेल्पिंग हँड्स' यांत मुलें स्वतःचें लष्कर उभारतात. जुलै १९४२ च्या 'डुइंग देअर बिट' यांत तीं सैनिकांच्या करमणुकीसाठीं नाचगाण्याचा जलसा करतात. सैनिकांची करमणूक पाहणारी 'यू. एस. ओ.' ही संस्था अमेरिकेंत १९४१ सालीं निघाली होती, तिचीच ही पोरांची नक्कल. एप्रिल १९४३ च्या 'कॉलिंग ऑल किड्स' यांत कथानक जवळजवळ नाहींच. सैन्यदलांच्या गौरवाचीं गाणीं आणि सोंगें एकापाठोपाठ एक येतात. याच ओळींत थोडा वेगळा, पण आम्हांस विशेष वाटणारा लघुपट म्हणजे फेब्रुवारी १९४१ चा 'बेबी ब्लूज'. जगांत जन्मणारें दर चौथें मूल चिनी असतें असें एका पुस्तकांत वाचून मिकी घाबरतो, कारण त्याच्या घरीं चौथें मूल येणार असतें. पुढें एका चिनी कुटुंबाशीं ओळख होऊन त्याची भीति जाते. विनोद भाबडा खरा. पण चिनी लोकांना अमेरिकेंत येण्यास बंदी करणारा कायदा तेव्हां जिवंत होता आणि तो डिसेंबर १९४३ मध्यें, चीन युद्धांतला दोस्त झाल्यावर रद्द झाला, हें लक्षांत घेतां या भाबड्या विनोदाला तारखेचें वजन प्राप्त होतें.

इकडे ज्या रोचच्या अंगणांत हें टोळकें वाढलें, तें अंगणही युद्धानें घेतलें. १९४२ पासून अमेरिकेच्या वायुदलाचें चित्रपट-पथक रोचच्या कारखान्यांत मुक्कामाला आलें आणि वैमानिकांच्या शिक्षणाचे पट तेथें तयार होऊं लागले. लोक त्या जागेला थट्टेनें 'फोर्ट रोच' म्हणत.

सरकारचा हात या लघुपटांत कितपत होता, हा प्रश्न साहजिकच उद्भवतो. जून १९४२ मध्यें वॉशिंग्टन येथें युद्धवार्ता कचेरी स्थापन झाली. तिच्या चित्रपट खात्यानें निर्मात्यांसाठीं एक मार्गदर्शिका काढली. हा चित्रपट युद्ध जिंकण्यास साह्य करील काय, हा प्रश्न प्रत्येकानें स्वतःस विचारावा असें तींत सांगितलें होतें. परंतु हें सांगणें होतें, हुकूम नव्हता. काँग्रेसला ही कचेरी रुचली नाहीं, आणि १९४३ च्या उन्हाळ्यांत तिच्या देशांतर्गत शाखेचा पैसा जवळजवळ तोडून टाकण्यांत आला. आपल्याकडे त्याच वर्षीं याच्या उलट घडलें. भारत संरक्षण नियमांत भर घालून सरकारमान्य पट दाखविणें प्रत्येक चित्रगृहाला सक्तीचें करण्यांत आलें, आणि ते पुरविण्यासाठीं 'इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया' ही संस्था निघाली. १९३८ सालीं मुंबईस धोबीतलावाजवळ मेट्रो संस्थेनें आपलें स्वतःचें चित्रगृह बांधलें होतें. त्यालाही ही सक्ति लागू झाली. एकाच कंपनीच्या पडद्यावर अमेरिकेंत प्रचार स्वखुषीनें येत होता आणि मुंबईंत कायद्यानें. स्वखुषीचा प्रचार अधिक प्रामाणिक असतो असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. तो कारखानदाराच्या समजुतीप्रमाणें घडतो एवढेंच. मुलांच्या तोंडीं पंचांगांतील सुभाषितें घालण्याची कल्पना कोणत्याही कचेरीनें सुचविली पाहिजे असें नाहीं. मेट्रोच्या घरांत ती आपोआप सुचण्याजोगी होती.

आतां त्या मुलांची कुरकुर कशाबद्दल होती तें पाहूं. आमच्या मतें लघुपटांतील ही कुरकुर हाच त्याचा सर्वांत मोलाचा भाग आहे. पेशवाईच्या कागदपत्रांत एखादी गोष्ट पुनः पुनः मना केलेली आढळली, तर ती बंद झाली असें न मानतां ती जोरांत चालू होती असें आपण अनुमान करतों. उपदेशालाही हाच न्याय लावावा. जें कोणी बोलतच नाहीं त्याचें खंडन करण्यासाठीं कोणी फीत खर्च करीत नाहीं. जानेवारी १९४३ मध्यें अमेरिकेंतील मुलें कुरकुरत होतीं, आणि ती कुरकुर इतकी सर्वश्रुत होती कीं पडद्यावर दिसतांच प्रेक्षकांनीं ओळखावी, एवढी गोष्ट या लघुपटावरून निर्विवाद सिद्ध होते. नाटक पाहून तीं गप्प बसलीं कीं नाहीं, हें मात्र त्यावरून सिद्ध होत नाहीं.

कुरकुरीला कारणें होतीं. मलाया आणि डच ईस्ट इंडीज जपानच्या हातीं गेल्यामुळें अमेरिकेचा नव्वद टक्क्यांहून अधिक नैसर्गिक रबराचा पुरवठा तुटला. जानेवारी १९४२ पासूनच मोटारींच्या धांवांवर नियंत्रण आलें. मे महिन्यांत साखरेचें रेशन सुरू झालें. आरंभीं माणशीं आठवड्याला अर्धा पौंड. १९४२ च्या मध्यापासून लोखंड, रबर इत्यादि वस्तूंचीं खेळणीं बनविण्यावर कडक बंधनें पडलीं. नोव्हेंबरच्या अखेरीस कॉफी आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेपासून देशभर पेट्रोल रेशनवर आलें. म्हणजे लघुपट प्रसिद्ध झाला तेव्हां या दोन बंधनांना दोन महिने झाले होते. फेब्रुवारींत पायताणांची पाळी आली आणि मार्चअखेर मांस, चीज आणि चरबीची. कॉफीचें दुःख थोरांचें. पण गोड खाऊ, चाकांचीं खेळणीं आणि रविवारीं मोटारींतून बाहेर जाणें या तिन्ही गोष्टी एका वर्षांत आटल्या, हें दुःख पोरांचेंच होतें.

मे १९४३ मध्यें मुंबईंत धान्याचें रेशन सुरू झालें आणि त्याच वर्षीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें अन्नावांचून मेलीं. त्या मापानें अमेरिकन पोरांचें दुःख किरकोळ दिसेल. तें किरकोळ होतेंच. तथापि दुःखाचें माप घेण्याचें काम दुसऱ्यानें केलें म्हणजे कुरकुरणारा गप्प बसतो असें नाहीं, आणि लघुपटाचा विषयही तोच आहे.

या कुरकुरीवर उतारा म्हणून फ्रँकलिनच कां निवडला? अमेरिकन सरकारनें युद्धकर्जाच्या रोख्यांवर आणि तिकिटांवर स्वातंत्र्ययुद्धांतील 'मिनिटमन', म्हणजे हांक येतांच नांगर टाकून बंदूक उचलणारा शेतकरी, छापला होता. चालू युद्धाला जुन्या क्रांतीचा आधार द्यावा ही तेव्हांची सार्वत्रिक दृष्टि. त्या पिढींतील पुरुषांमध्यें काटकसरीचा पुरुष म्हणजे फ्रँकलिन. त्यानें 'रिचर्ड साँडर्स' या खोट्या नांवानें १७३२ च्या अखेरीस आपलें पंचांग प्रथम काढलें आणि १७५८ पर्यंत तें दरसाल निघत राहिलें. तिथि, भरतीओहोटी, हवामानाचीं भाकितें यांच्या मधल्या जागेंत तो नीतिवचनें भरी. दरसाल सुमारें दहा हजार प्रती खपत असें त्यानें स्वतः नमूद केलें आहे. ज्या घरांत पुस्तक नाहीं तेथें पंचांग असतें, ही गोष्ट आपल्याकडील वाचकांस सांगावयास नको.

फ्रँकलिनची काटकसर माणसानें स्वतः सुखी आणि स्वतंत्र व्हावें यासाठीं होती. १९४३ ची काटकसर राष्ट्रासाठीं. मुलानें पाव डॉलरचीं पंचाहत्तर तिकिटें वहींत चिकटविलीं कीं १८ डॉलर ७५ सेंट होत, त्याबद्दल एक रोखा मिळे, आणि दहा वर्षांनीं त्याचे २५ डॉलर येत. साठविणें आणि देऊन टाकणें या दोन गोष्टींची गांठ या वहींत अशी मारलेली होती कीं फ्रँकलिनचीं वचनें तिला सहज चिकटावीं. येथपर्यंत निवड चतुर म्हणावी लागेल.

पण एक मौज लघुपटकर्त्यांच्या नजरेंतून सुटली असावी. फ्रँकलिननें १७५८ च्या शेवटच्या पंचांगाला जी प्रस्तावना लिहिली, आणि जी पुढें 'द वे टु वेल्थ' या नांवानें जगभर छापली गेली, तिचा प्रसंग पाहा. सात वर्षांचें युद्ध चालू आहे. एका लिलांवासाठीं लोक जमले आहेत आणि लिलांव सुरू होईपर्यंत दिवस वाईट आल्याबद्दल, करांच्या ओझ्याबद्दल कुरकुर करीत आहेत. अब्राहम नांवाचा एक म्हातारा उठतो आणि रिचर्डच्या पंचांगांतील वचनांचा सडा घालून त्यांना काटकसरीचा उपदेश करतो. लोक माना डोलावतात, बोध पसंत करतात, आणि लिलांव सुरू होतांच त्याच्या अगदीं उलट वागून वाटेल तशी खरेदी करतात. एकटा रिचर्ड तेवढा नवा कोट शिवण्याचा बेत रहित करून जुनाच आणखी कांहीं दिवस वापरण्याचें ठरवितो. युद्धकाळ, कुरकुर, आणि पंचांगांतील वचनांचा उतारा: १९४३ च्या लघुपटाचा सांगाडा जसाचा तसा येथें आहे. फरक शेवटाचा. उपदेश ऐकणारा माणूस उपदेशाचें काय करतो हें ओळखून फ्रँकलिननें त्यावरच हंसें उभें केलें. लघुपटानें वचनें घेतलीं, हंसें टाकलें. विनोदी मालिकेनें एका विनोदी लेखकाला हाताशीं धरावें आणि त्याच्या विनोदालाच बगल द्यावी, हें आम्हांस त्या घराच्या स्वभावाचें खरें द्योतक वाटतें. मॅकगोवनच्या वेळचीं पोरें असतीं तर नाटक संपतांच प्रेक्षक-पोरांनीं रंगमंचाच्या फळ्याच पळविल्या असत्या, आणि फ्रँकलिनला तें आवडलें असतें.

आतां भंगाराची गोष्ट. १५ जून १९४२ पासून अमेरिकेंत रबर गोळा करण्याची मोहीम झाली. पौंडाला एक सेंट भाव ठरला, मुदत वाढवून १० जुलैपर्यंत नेली, आणि सुमारें साडेचार लक्ष टन जुनें रबर जमलें. त्याच वर्षीं शरद्‌ऋतूंत लोखंडी भंगाराची देशव्यापी मोहीम झाली. या कामांत मुलांनीं खरोखर मनापासून भाग घेतला; हातगाड्या घेऊन आळीआळींतून फिरणें, दुसऱ्याच्या माळ्यावर चढणें, दुसऱ्या टोळीहून मोठा ढीग घालणें यांत खेळाची सर्व मजा होती, ती नाकारून चालणार नाहीं. पण या मोहिमेचा अर्थ 'अवर गँग'च्या दृष्टीनें काय झाला? ज्या चाकांना, पिंपांना, पत्र्यांना किंमत नव्हती म्हणून तीं पोरांचीं होतीं, त्यांना आतां किंमत आली आणि तीं सरकारचीं झालीं. १९३४ चा मोडक्या सामानाचा बंब १९४२ मध्यें बांधला असता तर तो देशाच्या ठेव्याचा अपहार ठरला असता. आमच्या मतें या मालिकेच्या युद्धकाळांतील ऱ्हासाचें एक कारण येथें आहे. चांगले लेखक, चांगले दिग्दर्शक नव्हते असें पुष्कळ जण म्हणतात आणि तेंही खरें. परंतु मुलांच्या मोकळ्या राज्याचा कच्चा मालच त्या वर्षीं जप्त झाला होता. खोक्याच्या गाडीच्या जागीं जाहीर सभेचा रंगमंच आला तो त्यामुळें.

टोळींतील एका मुलाविषयीं स्वतंत्र लिहिणें जरूर आहे. मोठें झाल्यामुळें अल्फाल्फा १९४० मध्यें आणि डार्ला १९४१ मध्यें गेली. टोळीचा म्होरक्या स्पँकी मॅकफार्लंड, चौदाव्या वर्षीं, १९४२ च्या अखेरीस. 'फ्रँकलिन'च्या वेळीं मिकी, जॅनेट, घोगऱ्या आवाजाचा फ्रॉगी आणि बकव्हीट हे चौघे प्रमुख होते; त्यांपैकीं रोचच्या घरांतून आलेला एकटा बकव्हीट. बिली थॉमस हें त्याचें खरें नांव. तो १९३४ पासून टोळींत होता आणि शेवटच्या लघुपटापर्यंत राहिला. तो कृष्णवर्णी होता. पहिल्या टोळींतही अर्नी मॉरिसन हा कृष्णवर्णी मुलगा होता, आणि गोरीं व काळीं मुलें एकाच टोळींत, एकाच बांकावर दाखविण्याची ही रीत त्या काळच्या अमेरिकन पडद्यावर दुर्मिळ होती. त्याबरोबरच काळ्या मुलाचें भय, त्याची बोली, त्याचे केस यांवरचे ठराविक विनोदही याच मालिकेंत भरपूर आहेत. एकाच्या स्तुतीनें दुसरें झांकतां येत नाहीं. १९४३ मध्यें बकव्हीट आपल्या गोऱ्या सोबत्यांसह राष्ट्राच्या एकीचे धडे देत होता. त्या वर्षीं अमेरिकेचें सैन्य वर्णावरून विभागलेलें होतें. जखमी सैनिकांसाठीं रेडक्रॉसनें घेतलेलें रक्तही गोऱ्यांचें निराळें आणि काळ्यांचें निराळें ठेवलें जात असे. आणि जूनमध्यें डेट्रॉइट शहरांत झालेल्या वर्णद्वेषाच्या दंग्यांत ३४ माणसें ठार झालीं, त्यांपैकीं २५ कृष्णवर्णी होतीं. सैन्यांतील वर्णभेद काढून टाकण्याचा हुकूम ट्रूमन यांनीं १९४८ च्या जुलैंत दिला. बिली थॉमस पुढें १९५४ ते १९५६ सैन्यांत होता. तो त्या हुकुमानंतरच्या सैन्यांत. टोळीच्या नाटकांत सर्वांना सारखा त्याग करावयास सांगितलें आहे. मोबदला सारखा आहे कीं नाहीं हा प्रश्न मुलांच्या तोंडीं घालण्यांत आलेला नाहीं, आणि तो घालण्यास मेट्रोच्या घरांत कोणी धजलें असतें असेंही नाहीं.

धजणारा एक जण तेथें होता, परंतु त्याला त्याचें फळ मिळून चुकलें होतें. साय एंडफील्ड या तरुण दिग्दर्शकानें मेट्रोसाठीं 'इन्फ्लेशन' नांवाचा महागाईवरचा लघुपट केला. १९४२ च्या त्या लघुपटांत सैतानच लोकांना साठेबाजी व उधळपट्टीची भूल घालतो, आणि तो सैतान म्हणजे एक गुबगुबीत उद्योगपति. पट तयार होऊनही प्रदर्शनांतून मागें घेण्यांत आला. त्यानंतर एंडफील्डच्या वांट्याला 'अवर गँग' आली. पुढें १९५१ मध्यें काँग्रेसच्या चौकशी समितीपुढें कम्युनिस्ट म्हणून त्याचें नांव घेतलें गेलें, काम बंद झालें, आणि तो इंग्लंडला गेला. १९६४ चा 'झुलू' हा चित्रपट त्याचाच. काटकसरीचा उपदेश मुलांनीं मुलांना केला तर चालतो, उद्योगपतीकडे बोट दाखवून केला तर चालत नाहीं, एवढें त्या काळच्या मर्यादेचें माप या दोन लघुपटांच्या तुलनेनें घेतां येतें.

ता. २९ एप्रिल १९४४ रोजीं 'डान्सिंग रोमिओ' हा एंडफील्डनेंच दिग्दर्शित केलेला लघुपट प्रसिद्ध झाला आणि मालिका संपली. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरण्यास तेव्हां सहा आठवडेही नव्हते. त्याचा विषय युद्ध नसून नाच हा आहे. बावीस वर्षांत एकूण २२० लघुपट झाले. फ्रॉगी, म्हणजे बिली लॉफ्लिन, १९४८ सालीं सोळाव्या वर्षीं रस्त्यावरच्या अपघातांत गेला. मिकी पुढें रॉबर्ट ब्लेक या नांवानें मोठा नट झाला आणि २०२३ मध्यें वारला. बिली थॉमस चित्रफितींच्या प्रयोगशाळेंत काम करी. १९८० सालीं त्याचा अंत झाला.

रोचनें १९४९ मध्यें आपले जुने बोलपट मेट्रोकडून परत विकत घेतले. पण 'अवर गँग' हें नांव मेट्रोनें सोडलें नाहीं. म्हणून ते 'द लिट्ल रास्कल्स' या नव्या नांवानें चित्रगृहांत आणि १९५५ पासून दूरचित्रवाणीवर आले. अमेरिकेंतील पुढच्या पिढ्यांनीं लहानपणीं जी टोळी पाहिली ती बहुतेक ही, भंगाराचे बंब बांधणारी. युद्धकाळचे बावन्नांतले ते लघुपट जुन्या नांवासह मेट्रोच्या कोठारांत राहिले.